पुढचा जिना, मागचा जिना

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या वस्तीच्या इतिहासावर एखादा लेख असावा असे कार्यकारिणीच्या सभेत ठरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. कारण एवढेच की गेले वर्षभर मी हातात शिवणाचा टेप घेऊन आमच्या इमारतीचा जिना मोजते आहे, हे सर्वांना ठाऊक झाले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सनावळ्यांची मला कधी गोडी नव्हती. पण आमच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर अण्णा यांनी पुष्कळ समजावून सांगितले, काही वाचनालयातून आणून वाचले, आणि काही सासूबाईंकडून ऐकलेले मनात होते. त्या सगळ्यातून हे लिहिले आहे, ते भगिनींनी गोड मानून घ्यावे.

आमची इमारत दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. तिच्या जागी टॉवर उभा राहील. घराचे फोटो प्रत्येकाकडे आहेत. लग्नाचे, बारशाचे, गणपतीचे. जिन्याचा मात्र एकही धड फोटो कोणाकडे निघाला नाही. ज्या वाटेने प्रत्येक नवरी वर आली आणि प्रत्येक म्हातारे माणूस खाली गेले, तिचे कुठे टिपणसुद्धा नसावे हे मला बरे वाटले नाही. म्हणून मोजायला घेतले.

आमच्यासारख्या इमारतींना दादर-माटुंग्याला ‘ब्लॉकची इमारत’ म्हणत. चाळीपेक्षा ती वेगळी कशी झाली, हे आधी सांगायला हवे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांमुळे रोग बळावतो असे तेव्हा सरकारला वाटले, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गावठाणे, शेते आणि नारळीच्या वाड्या असलेल्या दादर-माटुंग्याच्या भागात या ट्रस्टने रुंद रस्ते व चौकोनी प्लॉट आखले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. ट्रस्टचा एक साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. अण्णांनी तो कागदावर काढून दाखवला. साध्या भाषेत सांगायचे तर, समोर जेवढी उंच भिंत असेल तिच्या निम्म्याइतके तरी अंतर खिडकीपुढे मोकळे हवे, म्हणजे आकाशाचा उजेड घरात शिरेल. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, पण मोकळी जागा सोडायची सवय या भागाला लागली ती लागलीच. आमच्या जिन्याला भर दुपारी दिवा लागत नाही, त्याचे मूळ असे प्लेगात आहे.

चाळीत जिना लाकडी. बहुधा अंधारा, उभा, आणि पाय टाकला की कुरकुरणारा. पण चाळीतले खरे जगणे जिन्यात नव्हतेच. ते होते गॅलरीत. निवडणे, टिपणे, भांडणे, वेणीफणी, सगळे गॅलरीत. नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सर्वांचे मिळून. ब्लॉकमध्ये हे सगळे घराच्या आत आले. आपले स्वयंपाकघर, आपली मोरी, आपला संडास, आणि या सगळ्याला एकच दार. ते लावले की जग बाहेर. किती मोठे सुख हे! चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या बाईलाच ते कळते. परंतु गॅलरी गेली. शेजारणीशी दोन शब्द बोलायला जागा उरली ती फक्त जिन्याची. म्हणून ब्लॉकच्या इमारतीत जिन्याला जे महत्त्व आले ते चाळीत कधी नव्हते.

हा नवा जिना सिमेंटने शक्य केला. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट होऊ लागले, पुढे कारखाने वाढले, आणि १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. लोखंडी सळ्यांची जाळी बांधायची, खाली लाकडाचे सेंटरिंग करायचे, वरून काँक्रीट ओतायचे आणि दिवसेंदिवस पाणी मारत राहायचे. जिना लाकडासारखा जोडायचा नाही, तर इडलीसारखा साच्यात घालायचा. (ही उपमा माझी. अण्णांना ती आवडली नाही.) असा जिना जळत नाही, कुरकुरत नाही, आणि हवा तसा गोल वळवता येतो.

त्याच सुमारास मुंबईत नव्या वळणाच्या इमारतींची लाट आली. १९२५ साली पॅरिसला एक मोठे प्रदर्शन भरले होते, त्यावरून त्या शैलीला पुढे ‘आर्ट डेको’ हे नाव पडले. मरीन ड्राइव्हवरच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती आणि इरॉस सिनेमा ही त्याची सगळ्यांना माहीत असलेली उदाहरणे. बोटीसारखे कठडे, उगवत्या सूर्याचे किरण, कारंज्याच्या आकाराची लोखंडी नक्षी, हे सगळे त्यातले. या कामात आपले मराठी स्थापत्यकार जी. बी. म्हात्रे यांचे नाव मोठे आहे. मरीन ड्राइव्हवरचा कोपऱ्यावरचा ‘सूना महाल’ त्यांचाच, १९३७ सालचा. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हकडच्या या इमारती ३० जून २०१८ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. दादर-माटुंग्यातही तशा इमारती रस्तोरस्ती आहेत, पण त्या यादीत नाहीत. आपल्याकडे कोणी परदेशी पाहुणे मान वर करून बघायला येत नाहीत, एवढाच त्यात फरक.

आमची इमारत या लाटेच्या शेवटची. युद्धाच्या काळात सिमेंट आणि लोखंडावर नियंत्रण आले, १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडचे सागवान येणे बंद झाले. बांधकामे अडली. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत आमची इमारत बांधली गेली तेव्हा हात आखडता होता आणि आवडही बदलली होती. म्हणून आमच्या कठड्यावर सूर्यही नाही आणि कारंजेही नाही. तीन आडव्या लोखंडी पट्ट्या, मधे ठरावीक अंतरावर एक चौकोन, आणि वर हाताला सागवानी लाकडाची गोलसर पट्टी. बस्स. मला विचाराल तर मला हाच अधिक आवडतो. धूळ पुसायला नक्षी नाही.

आता मोजमाप. एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत दहा फूट. त्यात वीस पायऱ्या. दहा चढायच्या, लँडिंगवर वळायचे, पुन्हा दहा. प्रत्येक पायरी सहा इंच उंच आणि पाऊल टेकायला अकरा इंच रुंद. फ्रान्समध्ये ब्लोंदेल नावाच्या स्थापत्यकाराने सतराव्या शतकात असा हिशेब घालून दिला होता की पायरीची उंची दुप्पट करून त्यात रुंदी मिळवावी. ती बेरीज माणसाच्या चालीतल्या एका पावलाएवढी, म्हणजे सुमारे दोन फूट भरली पाहिजे. आमची बेरीज तेवीस इंच भरते. पाण्याची कळशी कमरेवर घेऊन, पोटुशी असताना, बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन मी हा जिना चढले आहे. पाय अडखळला असे आठवत नाही. कोणा नकाशावाल्याने आमच्या पावलांचा आधीच विचार करून ठेवला होता, हे मला कळले ते टेप लावल्यावर.

पायऱ्यांवर मोझेक आहे, पण लाद्यांचा नव्हे, जागेवर ओतलेला. सिमेंटमध्ये रंग आणि संगमरवराचे बारीक खडे कालवून तो थर पायरीवर पसरायचा, घट्ट झाला की पाणी घालत दगडाने घासायचा. वरचे सिमेंट झिजते आणि आतले खडे उघडे पडतात. पुन्हा बारीक दगडाने घासायचे, शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडने चकाकी आणायची. आमच्या पायऱ्या पिवळट-पांढऱ्या, कडेला चार बोटे काळी पट्टी. ती शोभेसाठी असावी असे मी समजत असे. अण्णा म्हणाले, अंधुक उजेडात पायरीची कड दिसावी म्हणून ती आहे. इतक्या वर्षांत पायऱ्या मधोमध थोड्या खोलगट झाल्या आहेत. पहिल्या मजल्यापर्यंत जास्त, तिसऱ्यावर कमी. साहजिकच आहे, पहिल्या मजल्याच्या पायऱ्या सगळ्यांच्या पायांखाली येतात.

प्रत्येक लँडिंगवर जमिनीपासून छतापर्यंत जाणारी दुधी काचेची उभी खिडकी आहे. सकाळी तिच्यातून येणारा उजेड घरातल्या कोणत्याही खोलीत नाही. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउट होता तेव्हा या काचांना खाकी कागद चिकटवले होते. सासूबाई तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या. त्या सांगत, “भोंगा झाला की सगळ्या बायका मुलांना घेऊन तळमजल्याच्या जिन्याखाली. अंधारात कोणाचं मूल कोणाच्या मांडीवर, काही कळत नसे.” काचेच्या कोपऱ्यात त्या कागदाच्या खळीचे डाग अजून आहेत.

आपल्या मंडळाच्या इतिहासात या लँडिंगना मोठी जागा द्यायला हवी. मंडळाला स्वतःची खोली मिळेपर्यंत पुस्तकांचे कपाट आमच्या पहिल्या मजल्याच्या वळणावर होते आणि बैठका पायऱ्यांवरच होत. ज्येष्ठ भगिनींना हे आठवत असेल. अध्यक्षबाई वरच्या पायरीवर, बाकीच्या खाली. बसायला खुर्च्या लागत नसत. १९७२ साली दुष्काळ पडला, तेल, रवा, रॉकेल मिळेनासे झाले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी मिळून महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी केली. लाटणी घेऊन मोर्चे निघाले. सासूबाई कधी एकट्या रस्त्यावर गेलेल्या नव्हत्या. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून त्या लाटणे घेऊन उतरल्या, दुसऱ्या मजल्यावर आणखी दोघी मिळाल्या, पहिल्यावर तिघी, आणि फाटकापर्यंत अकराजणी झाल्या. “रस्त्यावर जायची भीती होती ग,” त्या म्हणत, “पण जिन्यात एक-एक बाई मिळत गेली, मग भीती कुठे गेली कळलंच नाही.” नंतर थाळ्या वाजवायच्या दिवसांत तर बायका मुद्दाम जिन्यात उभ्या राहून वाजवत. मधल्या पोकळीत आवाज घुमे आणि चौपट होई.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख वाचून सर्वांना बरे वाटले असते. पण आमच्या इमारतीला जिने दोन आहेत.

दुसरा जिना मागच्या बाजूला, भिंतीबाहेर. लोखंडी, गोल, उघडा. मुंबईतल्या त्या काळच्या अनेक ब्लॉकच्या इमारतींना असा मागचा जिना असे, कुठे नोकरमाणसांसाठी, कुठे भंग्यासाठी. संडास घरात आला खरा, पण तो साफ करणारे माणूस पुढच्या दाराने, दिवाणखान्यातून, स्वयंपाकघरावरून आत येणार हे त्या वेळच्या घरांना चालणारे नव्हते. म्हणून संडासाला मागून दुसरे दार आणि त्या दाराला हा जिना. नकाशात तो रीतसर काढलेला आहे. घरात सगळे असलेल्या नव्या, आधुनिक घराची ही दुसरी बाजू. उजेडासाठी अंश मोजणाऱ्या लोकांनी हेही मोजूनच केले होते.

ज्या सुमारास हा नकाशा झाला असेल त्याच सुमारास देशाची घटना लिहिली जात होती. २६ जानेवारी १९५० पासून सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली, १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘राजगृह’ हे घर हिंदू कॉलनीतच, आमच्या इमारतीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आणि तरी आमचा मागचा जिना पुढे पुष्कळ वर्षे त्याच कामासाठी वापरात राहिला. सासूबाईंनी तो वापरात पाहिला होता. कोणी तो बंद करा म्हणून ठराव केला नाही. मोरीतली फ्लशची टाकी, बाजारातली अॅसिडची बाटली, आणि आपले आपण धुवायची सवय, यांनी तो हळूहळू बंद पडला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्यावर तुळशीच्या आणि कोरफडीच्या कुंड्या होत्या.

तोही मी मोजला. त्याच दहा फुटांत पुढे वीस पायऱ्या आहेत, मागे तेरा. एक-एक पायरी सव्वानऊ इंच उंच. रुंदी अशी की माणूस जेमतेम मावेल. हातात बादली असली तर कठडा धरायला हात उरत नाही. आणि पावसात लोखंड निसरडे. ब्लोंदेलसाहेबांचा हिशेब मागच्या बाजूला कोणी लावला नव्हता.

सध्या आमचा पुढचा जिना झाडायला ज्या ताई येतात त्यांच्या सासूबाई याच इमारतीत कामाला होत्या. मी त्यांना विचारले, त्या कधी पुढच्या जिन्याने वर आल्या होत्या का? ताई म्हणाल्या, “नाही. सांगायच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या पंधरा घरांच्या मोऱ्या माहीत आहेत, पण एकाही घराचं पुढचं दार पाहिलं नाही.” आसपासच्या सगळ्या इमारती धरून त्या बोलत होत्या. मग त्या ताई झाडू घेऊन खाली गेल्या, काळ्या पट्टीच्या पायऱ्यांवरून. मला पुढे काही विचारायला सुचले नाही.

पुढच्या जिन्याचेही सगळे गुणगान करून चालणार नाही. तीन मजल्यांची इमारत म्हणून लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे गेले आणि शेवटची दोन वर्षे त्या खाली उतरल्याच नाहीत. ज्या जिन्याने लाटणे घेऊन उतरल्या तोच जिना त्यांना डोंगर झाला. दवाखान्यात न्यायचे तर चार मुले खुर्ची उचलून नेत, आणि वळणावर खुर्ची कठड्याला घासे; त्या ओरखड्याची खूण लाकडावर आहे. संध्याकाळी त्या लँडिंगवर स्टूल टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बाहेरची खबर घेत. टॉवरमध्ये लिफ्ट असेल, आणि माझे गुडघे आताच बोलू लागले आहेत. तेव्हा इमारत पाडू नका म्हणून मी अडून बसणारी नाही. भाडे गोठलेले, मालकाने दुरुस्ती सोडलेली, सळ्या गंजून फुगलेल्या आणि छताचे पोपडे पडणारे, हे आपल्यापैकी बहुतेकींच्या घरचे आहे. टॉवरचा जिना दाराआड बंद असतो तोही उगीच नाही. आगीत उघड्या जिन्यातून धूर वर चढतो, म्हणून तसा नियम आहे. मात्र त्या जिन्यात कोणी कोणाला भेटणार नाही, हेही खरे.

मागच्या महिन्यात जुने सामान घेणारा एक माणूस येऊन गेला. अशा जुन्या इमारतींच्या दारांना, कठड्यांना आता गिऱ्हाईक आहे, हॉटेलवाले नेतात. त्याने पुढच्या कठड्याचा आणि सागवानी पट्टीचा भाव सांगितला, मागच्या लोखंडी जिन्याचा भंगाराच्या वजनाने सांगितला. मी विचारले, पायऱ्या? तो हसला. जागेवर ओतलेला मोझेक काढता येत नाही. लादी असती तर उचलली असती. हा जिना भिंतीत आणि तुळईत एकजीव आहे, तो फोडायचाच.

मंडळाच्या सभेत मी दोन सूचना मांडल्या आणि दोन्ही मंजूर झाल्या. तिसऱ्या मजल्यावरची खुर्चीच्या ओरखड्याची चार फूट लाकडी पट्टी मालकाची परवानगी काढून मंडळाच्या नव्या खोलीत लावायची. आणि मागच्या जिन्याची एक लोखंडी पायरी भंगारात न देता तिच्याशेजारी ठेवायची. दुसऱ्या सूचनेवर थोडी कुजबूज झाली. एक भगिनी म्हणाल्या, “ते कशाला आठवायचं?” पण हात वर झाले ते पुरेसे होते. झाडणाऱ्या ताईंना त्या कार्यक्रमाला बोलावायचे, हेही ठरले आहे.

दोन्ही जिन्यांची मापे, मजल्यागणिक, एका शंभर पानी वहीत लिहून मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. पुष्कळ पाने अजून कोरी आहेत. शेजारच्या ब्लॉकच्या इमारतींतल्या भगिनींनी आपापल्या जिन्याची मापे, पुढची आणि मागची, दिवाळीच्या आत मला आणून द्यावीत. टेप नसेल तर माझा घेऊन जावा.